जुन्या घराचं वायरिंग बदलायचंय? आधी पॉइंट मोजा, मग भाव विचारा

"दोन बीएचके आहे, कोथरूडला, रिवायरिंगला किती येईल?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतं आणि दरवेळी मला उलटं विचारावं लागतं की पॉइंट किती? (दिवा, पंखा, प्लग असं वीज लागणारं एकेक ठिकाण म्हणजे एक पॉइंट.) त्यावर समोर शांतता. स्क्वेअर फुटावर रंगाचा अंदाज निघतो, फरशीचा निघतो, वायरिंगचा नाही निघत. सहाशे फुटांच्या एका घरात पस्तीस पॉइंट असतात आणि तेवढ्याच दुसऱ्या घरात सत्तर, मग खर्च सारखा कसा येईल?

मी स्वतः हीच चूक करून बसलोय. आमची बिल्डिंग १९८४ ची. आलेल्या इलेक्ट्रिशियनने दारातूनच नजर फिरवली, "तीस-पस्तीस पॉइंट धरा" म्हणाला, मी मान डोलावली. काम संपल्यावर मोजले तर ६१. वर मेनची केबल, अर्थिंग, प्लास्टर यातलं काहीच त्याच्या आकड्यात नव्हतं, आणि तो खोटंही बोलला नव्हता, मी विचारलंच नव्हतं. म्हणून खालचा क्रम पाळा, उलटसुलट करू नका, कारण प्रत्येक पायरीचा आकडा पुढच्या पायरीला लागतो.

## १. भिंतीत काय आहे ते आधी बघा

लागणारं सामान: टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, मोबाइल, वही, मोजायचा टेप आणि एक खडू. मेन स्विच बंद करा, बोर्डावर टेस्टर लावून खात्री करा, मगच एक बोर्ड उघडा. शक्यतो स्वयंपाकघरातला, कारण सगळ्यात जास्त तापलेला तोच असतो.

आमच्या ओट्यावरचा बोर्ड उघडला तेव्हा वायरचं आवरण बोटाला लागताच भुग्यासारखं गळलं आणि आतली तार थोडी वाकवली तर टचकन तुटली. ॲल्युमिनियम. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच घरांत हीच आहे. तांब्याच्या वायरला जिथे जोडलेली असते तिथे हळूहळू जॉइंट सैल होतो, तापतो, आणि आपण म्हणत बसतो की स्विच खराब आहे.

पांढरी तार दिसली म्हणून लगेच ॲल्युमिनियम ठरवू नका. अजून जुन्या रबरी वायरमध्ये कल्हई केलेलं तांबं असायचं, तेही पांढरंच दिसतं. ब्लेडने किंचित खरवडा, खाली तांबूस दिसलं तर तांबं. बदलायची दोन्ही आहेतच, पण वहीत नीट लिहा.

मग बघायचं की वायर गेलीय कशातून. लाकडी पट्टीतून (पेठांतल्या वाड्यांत अजून सापडते), उघड्या पीव्हीसी पट्टीतून, की भिंतीतल्या पाइपातून? पाइप असेल तर तो लोखंडी की पीव्हीसी? इथे अंदाजपत्रकाचा पहिला मोठा फाटा फुटतो. जुन्या पाइपातून नवी वायर ओढता आली तर फोडाफोडी जवळजवळ वाचते. पण "पाइप आहेत ना, त्यातूनच ओढू" हे तोंडी ऐकून खर्च धरू नका. इलेक्ट्रिशियनला दोन-तीन ठिकाणी स्प्रिंग (पाइपातून वायर ओढायची लवचिक तार) घालून दाखवायला सांगा. स्लॅबमधले जुने लोखंडी पाइप गंजून बसलेले असतात, कुठे सिमेंट गेलेलं असतं, आणि स्प्रिंग चार फुटांवर अडकते.

तपासा: तीनपैकी दोन पाइप अडकले तर सगळे नवीन धरा. "बघू, जमेल तिथे ओढू" यावर बजेट बांधलं की ते फुटलंच म्हणून समजा.

## २. खोलीत उभं राहून पॉइंट मोजा

आत्ता आहेत ते पॉइंट मोजायचे नाहीयेत, हवे आहेत ते मोजायचेत. खडू घेऊन भिंतीवर खुणा करत फिरा. घरात जो सगळ्यात जास्त वेळ असतो त्याला बरोबर घ्या, आमच्याकडे आईने पाच मिनिटांत माझी यादी मोडीत काढली.

स्वयंपाकघराचंच बघा. बिल्डरने दिलेले चार पॉइंट होते: ट्यूब, पंखा, एक प्लग, एक फ्रिजचा. आता ट्यूब, ओट्यावरचा दिवा, पंखा, एक्झॉस्ट, फ्रिज, वॉटर प्युरिफायर, वरती चिमणी, मिक्सर, ओव्हन, इंडक्शन, देवघराचा दिवा आणि एक रिकामा. बारा झाले. यातला चिमणीचा पॉइंट सात फुटांवर लागतो आणि प्युरिफायरचा नळाच्या थेंबांपासून लांब, हे भिंत फोडून बुजवल्यावर आठवून उपयोग नसतो.

यादीत प्रत्येक खोलीला हे वेगवेगळं लिहा:

- दिवे, पंखे, बेल
- पाच अँपिअरचे प्लग (डब्यावर आता ६ लिहिलेलं असतं, दुकानात दोन्ही चालतं)
- पंधरा अँपिअरचे पॉवर प्लग (डब्यावर १६)
- टू-वे, म्हणजे दाराशी लावून पलंगावरून बंद करायचे. यांना वायर जास्त लागते, काही जण दीड-दोन पॉइंट धरतात
- टीव्हीची केबल, इंटरनेटची वायर. ही विजेची नाही, पण पाइप त्याच वेळी टाकायचा, मात्र वेगळा
- इन्व्हर्टरवर हवेत ते दिवे-पंखे, यांच्यावर खूण करा

आता गणिताची गंमत. नुसतं उदाहरण म्हणून समजा मजुरी पॉइंटला ३०० रुपये सांगितली (भाव तुमचा तुम्ही विचारा, हा आकडा फक्त हिशोबाला). ३५ पॉइंटांचे १०,५०० होतात, ६१ चे १८,३००. भावात घासाघीस करून वीस रुपये कमी केल्याचा आनंद पॉइंट चुकल्यावर कुठे जातो ते दिसलं ना?

मॉड्युलर स्विच घेणार असाल तर मॉड्यूलही, म्हणजे प्लेटमधल्या जागा, मोजा. चार स्विच म्हणजे चार मॉड्यूल, पाच अँपिअरचा सॉकेट दोन, रेग्युलेटर प्रकाराप्रमाणे एक किंवा दोन, म्हणजे हा बोर्ड सात-आठ मॉड्यूलचा, त्याला आठची प्लेट आणि आठचाच डबा. डबे भिंतीत आधी बसतात आणि स्विच शेवटी येतात, त्यामुळे कंपनी आणि सिरीज आधीच ठरवा. स्विचच्या भावात कंपनीप्रमाणे इतका फरक असतो की ही ओळ अंदाजपत्रकात कायम वेगळी ठेवायची, पॉइंटच्या भावात मिसळू द्यायची नाही.

## ३. लोड काढा, मग सर्किट पाडा

महावितरणचं बिल काढा, त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. जुन्या घरांत तो बऱ्याचदा एक-दोन किलोवॉटच असतो, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा घरात फ्रिज हीच चैन होती. आता सकाळचे सात वाजलेत असं धरा. गीझर २००० वॉट, इंडक्शन २०००, बेडरूममध्ये अजून एसी चालू आहे तो १५००. झाले ५५०० वॉट, भागिले २३० व्होल्ट, साधारण २४ अँपिअर. यात फ्रिज, वॉशिंग मशीन धरलेलंच नाही.

भार वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज आणि परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून काम देतानाच विचारून ठेवा की रिपोर्ट तुम्ही देणार की मला दुसरीकडून आणावा लागणार. त्याची फी अंदाजात टाका.

सर्किट, म्हणजे मुख्य बोर्डापासून निघणाऱ्या स्वतंत्र लाइन, मी अशी धरतो. दिवे-पंखे दोन सर्किटमध्ये, म्हणजे एक ट्रिप झालं तरी अर्धं घर उजेडात राहतं, वायर दीड एमएम (सगळे एमएमच म्हणतात, अर्थ चौरस मिलिमीटर). पॉवर प्लगना अडीच. प्रत्येक एसीला आणि प्रत्येक गीझरला स्वतंत्र, चारची वायर. दोन किलोवॉटच्या गीझरला अडीच पुरते हे खरंय, पण पुढे कोणी तीनचा बसवला तर भिंत परत फोडायची नाही म्हणून मी चार धरतो. ओट्याला दोन स्वतंत्र सर्किट, वॉशिंग मशीनला एक. प्रत्येकाला आपापला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला, शॉक बसला की लाइन तोडणारा स्विच). सर्किटची संख्या आली की डीबी (हे सगळे स्विच बसतात तो मुख्य डबा) किती वेजची, म्हणजे किती जागांची, ते कळतं, त्यात दोन-चार जागा रिकाम्या सोडा.

थांबा: आरसीसीबी बसवायचा असेल तर प्रत्येक सर्किटची न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) वेगळी पाहिजे. जुन्या घरात न्यूट्रल कुठूनही कुठेही जोडलेली असते, आणि इन्व्हर्टरवाला येऊन अजून एक गाठ मारून जातो, मग आरसीसीबी सारखा पडतो आणि शेवटी वैतागून लोक तो काढूनच टाकतात. जीव वाचवणारी वस्तू ही एकच आहे त्या डब्यात. इन्व्हर्टरची फेज-न्यूट्रल पहिल्या दिवसापासून वेगळी ओढायची हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.

## ४. वायरचे मीटर काढा

हे लोक करतच नाहीत, आणि मग "साहेब, अजून दोन बंडल लागतील" हा फोन ऑफिसात येतो.

एका गीझरचं बघू. डीबी ते छत १.२ मीटर वर, आडवं ९ मीटर, परत खाली १.२, दोन्ही टोकांना जोडायला मिळून एक मीटर. एकूण १२.४, धरा साडेबारा. असे वायरचे तीन रन (डीबीपासून उपकरणापर्यंतचे मार्ग) आहेत, दोन एसी आणि एक गीझर, सगळे साधारण तेवढेच. फेज आणि न्यूट्रल मिळून साडेबारा गुणिले दोन गुणिले तीन, ७५ मीटर. बंडल ९० मीटरचं येतं, म्हणजे एकात भागलं असं वाटतं ना?

दोन गोष्टी राहिल्या. एक, अर्थ. ती फेजच्याच जाडीची धरा, अजून साडेसदतीस मीटर, बेरीज झाली ११२.५. दुसरी, एका बंडलात एकच रंग असतो. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी, म्हणजे तीन बंडलं आणि प्रत्येकातलं अर्ध्याहून जास्त उरणार. यावर उपाय म्हणजे चारची वायर सुटी मीटरवर घ्या (काही दुकानदार देतात, भाव थोडा जास्त), किंवा पैसे वाचवायला सगळी एकाच लाल रंगाची वायर ओढून टोकांना रंगीत टेप लावायचा. दुसरा उपाय करू नका. दहा वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्याला तो टेप सापडणार नाही.

दीड आणि अडीचचं एवढं बारीक मोजायची गरज नाही, ती बंडलं संपतातच. तरी खोलीचा नकाशा कागदावर काढून रेघा मोजा आणि वर दहा टक्के धरा.

खरेदीला पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, जाणार असाल तर तीनचार दुकानांत एकच यादी दाखवा आणि सील न फोडलेलं बंडल परत घेणार का ते बिल करायच्या आधी विचारा. कापलेली वायर कोणी घेत नाही. आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ (पीव्हीसी वायरचं भारतीय मानक) बघाच, शिवाय माझी एक सवय आहे, बंडल हातात तोलून बघायची. अडीचच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच दोन किलो असतं, चारच्यात सव्वातीनच्या आसपास, वर पीव्हीसीचं वजन वेगळं. बंडल संशयास्पद हलकं लागलं आणि भावही संशयास्पद स्वस्त असला तर ते तिथेच ठेवून पुढे चला.

## ५. फोडाफोडी: बजेट इथेच फुटतं

वायरिंगवाला झिरी मारतो, म्हणजे भिंतीत पाइपापुरती चर पाडतो, पाइप टाकतो, वर सिमेंट थापतो आणि जातो. त्यानंतर प्लास्टरचा पॅच, पुट्टी, आणि झिरीपुरता रंग देऊन भागत नाही, पूर्ण भिंतच रंगवावी लागते. हे त्याच्या कोटेशनमध्ये नसतंच. तुमच्या अंदाजपत्रकात मात्र पाहिजे, गवंड्याचं वेगळं, रंगाऱ्याचं वेगळं.

खडूने झिऱ्यांच्या रेषा काढा आणि फूट मोजा, गवंडी फुटावर भाव सांगेल. राडारोडा खाली नेऊन टेम्पोत भरायचा खर्च वेगळा, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही म्हणजे तो लक्षात येण्याएवढा असतो. सोसायटी दुपारी ब्रेकर (भिंत फोडायचं मशीन) चालवू देते का तेही विचारा. नसेल देत तर माणसं दोन-तीन तास बसून राहतात आणि चार दिवसांची फोडाफोडी सहा दिवसांवर जाते, रोजावर काम असेल तर तो खर्च तुमचाच.

थांबा: आरसीसी कॉलम, बीम, स्लॅब यात झिरी मारायची नाही, कितीही "थोडीशीच" असली तरी. साडेचार इंची भिंतीत आडवी लांब झिरी नको, आणि एकाच जागी दोन्ही बाजूंनी डबे बसवू नका, पलीकडचा उजेड दिसायला लागतो.

वाडा असेल तर हिशोबच वेगळा. माती-विटांच्या भिंतीत झिरी मारायला गेलं की प्लास्टरचा पापुद्रा हातभर निघून येतो, तो आवरता आवरता खर्च वायरिंगच्या वर जातो. तिथे सरळ उघडा पीव्हीसी पाइप किंवा पट्टी करा, दिसायला थोडं कमी पण स्वस्त, आणि पुढे दुरुस्ती सोपी. तक्तपोशीच्या (लाकडी फळ्यांच्या छताच्या) वरून नुसती मोकळी वायर टाकू देऊ नका, लाकूड, धूळ आणि उंदीर तिन्ही तिथे आहेत, पाइपातूनच न्या. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी परवानगी आधी घ्या, मग वही उघडा.

## ६. मीटरपासून घरापर्यंत, आणि अर्थिंग

घरात सगळं नवं आणि मीटर रूममधून वर येणारी केबल तीच जुनी, असं मी तीन घरांत बघितलंय. वरचं २४ अँपिअरचं गणित आठवा, तो सगळा करंट त्या एका जुन्या वायरमधून येणार. तिसऱ्या मजल्यासाठी उभं दहा मीटर, आडवं आठ-दहा, म्हणजे वीस मीटर, फेज-न्यूट्रल-अर्थ मिळून साठ. दहा एमएम घेतली तर नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या घरात जातं, त्यामुळे ही ओळ छोटी नाही, सगळ्यात आधी लिहा. मीटर रूममधले चिनीमातीचे फ्यूज असतील तर तिथे नवा मेन स्विच किंवा एमसीबीही धरा. मीटरच्या सीलला मात्र हात लावायचा नाही, इलेक्ट्रिशियनलाही लावू द्यायचा नाही, ते काम महावितरणचं.

अर्थिंग. जुन्या बोर्डात तिसरं भोक असतं पण मागे वायर नसते, किंवा ती नळाच्या पाइपला बांधलेली असते, किंवा चक्क न्यूट्रलला, आणि हा शेवटचा प्रकार जीवघेणा आहे. बिल्डिंगला अर्थ पिट (जमिनीतला अर्थिंगचा खड्डा) आहे का, चालू आहे का, हे कोणीतरी मोजून सांगायला हवं, टेस्टर लावून कळत नाही. नसेल तर नवा पिट सोसायटीच्या जागेत होणार, म्हणजे परवानगी, आणि जमलं तर दोन-चार सभासदांनी मिळून खर्च वाटून घ्या.

## ७. तिघांना एकच कागद

आता भावासाठी बोलवा इलेक्ट्रिशियन, आत्तापर्यंत भाव विचारायचा नव्हता. तिघांना तुमच्या यादीची झेरॉक्स द्या आणि त्याच ओळींपुढे भाव भरायला सांगा. स्वतःच्या लेटरहेडवर एकच ठोक आकडा देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे कागद परत द्या, कारण तीन वेगवेगळ्या आकड्यांची तुलना करताच येत नाही.

प्रत्येकाला हे विचारा आणि उत्तर कागदावरच लिहा. पॉइंटमध्ये काय काय येतं, डबा आणि प्लेट धरून की सोडून? सर्किटची वायर पॉइंटच्या भावात आहे की मीटरवर वेगळी? झिरी कोण मारणार आणि कोण बुजवणार? भाव फक्त मजुरीचा की मटेरियलसकट, आणि मटेरियलसकट असेल तर कंपनी कुठली? जीएसटी धरून की वगळून? भाव किती दिवस चालेल? तांब्याचा भाव हलतो, त्यामुळे वायरचा भाव दोन महिन्यांनी तोच राहील असं धरू नका. पॉइंटच्या व्याख्येवरून वाद झालाच तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत दरसूचीत पॉइंट वायरिंगमध्ये काय येतं ते लिहिलेलं असतं, तो आधार घ्या.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच करत असाल तर मजुरी त्याची आणि वायर-स्विच तुमचे, हे बरं पडतं. डोक्याला ताप होतो, दुकानाच्या चार खेपा होतात, पण वायर कुठली गेली हे कळतं.

## ८. बेरीज करा

ओळी अशा लावा: पॉइंटची मजुरी, सर्किट आणि मेनची मजुरी, वायर, पाइप आणि डबे, स्विच-सॉकेट, डीबी आणि त्यातलं सामान, मीटरपासूनची केबल, अर्थिंग, गवंडी, रंग, राडारोडा, टेस्ट रिपोर्ट आणि भारवाढ. पाइपात जुनी वायर असेल तर ती भंगारात जाते, तांबं असेल तर बऱ्यापैकी पैसे येतात, ते तुमचे की त्याचे हेही आधी ठरवा (यावरून भांडणं होतात, हसू नका).

मग वर पंधरा टक्के. वाड्याला वीस-पंचवीस धरा. राहत्या घरात काम असेल तर तात्पुरता एक बोर्ड, फ्रिजपुरती लाइन, आणि चार-आठ दिवस नातेवाइकांकडे राहायची सोय हेही त्यातच आलं. पावसाळ्यात काढू नका, प्लास्टर वाळत नाही आणि रंगारी थांबून राहतो.

## ९. पैसे टप्प्याने, तपासणी करून

मी असं ठरवतो: सुरुवातीला वीस टक्के, पाइप आणि डबे बसल्यावर तीस, वायर ओढून झाल्यावर तीस, उरलेले वीस टेस्टिंग झाल्यावर. आमच्या वेळी मी वायर ओढतानाच जवळजवळ सगळे देऊन बसलो होतो, मग बेलच्या एका पॉइंटसाठी तीन आठवडे फोन करत होतो.

झिऱ्या बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोजायचा टेप लावून फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून अंतर दिसेल असा. पुढे खिळा ठोकताना हाच फोटो लागतो.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून समोर उभं राहून हे करून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन, दिवे-उपकरणं काढून, किमान १ मेगाओहम यायलाच हवं आणि नव्या वायरला त्याच्या कितीतरी पट यावं. प्रत्येक सॉकेटमध्ये फेज उजवीकडे आणि अर्थ पोहोचलेली. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. मग गीझर, एसी आणि इंडक्शन तिन्ही एकदम अर्धा तास चालवा, सगळं बंद करा, मेन पाडा, आणि डीबी उघडून कुठलं टर्मिनल तापलंय का ते बघा. हे झालं की डीबीच्या दाराच्या आत प्रत्येक एमसीबीचं नाव मराठीत लिहून चिकटवायला सांगा, "ओटा डावीकडे", "मागची खोली एसी" असं, आणि ते चिकटवून झाल्यावर पाकीट द्या.